बेगमी

आईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कागद माझ्या दहावीच्या वर्षीचा असणार, कारण कोपरा उचलून पाहिला तर पाठीमागे माझ्या भूमितीच्या आकृत्या दिसतात. त्यावर निळ्या शाईत हिशेब आहे. माणसं ५. ज्वारी रोज १ किलो, महिन्याला ३०. तांदूळ रोज अर्धा, महिन्याला १५. तूरडाळ महिन्याला ६. मग शेंगदाणे, गूळ, चटणीच्या मिरच्या. आणि सगळ्यात खाली, नंतर कधीतरी दुसऱ्या पेनानं लिहिलेलं: ‘आला-गेला, १ ताट’.

आमच्या घरात साठा डब्यांवरून मोजला जात नसे, ताटांवरून मोजला जाई. कोण कितीदा जेवणार, सकाळी भाकरी की संध्याकाळी, उपासाचे दिवस किती, माहेरवाशिणी कधी येणार, एवढं आधी ठरे आणि मग बाजार होई. रब्बीची ज्वारी खळ्यावरून निघून भाव खाली आले की वर्षाची एकदम घ्यायची. एप्रिलच्या उन्हात अंगणात पसरायची, पाखडायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायची. डाळीला एरंडेलाचा हात, तांदळाला बोरिक पावडर. जुनं पुढे, नवं मागे. यातलं काहीच विशेष नाही. सातारा जिल्ह्यातल्या हजारो घरांत हे असंच होत होतं.

विशेष आहे ते एवढंच, की कागदावर अजूनही ‘माणसं ५’ आहे. आजी गेली त्याला १५ वर्षं झाली, वडील गेले त्याला ४. भाऊ बंगळूरला, मी कोलकात्याला. आई एकटी असते. तरी गेल्या उन्हाळ्यात तिनं क्विंटलभर ज्वारी घेतली.

“एकटीला क्विंटलभर कशाला गं?” मी विचारलं.

“एकटीला कुठे? तुम्ही येताच की.”

“आम्ही वर्षातून १२ दिवस येतो.”

“मग ते १२ दिवस उपाशी ठेवू का तुम्हांला?”

मी हसले आणि गप्प बसले. पण गप्प बसण्याचं खरं कारण वेगळं होतं. गरजेपेक्षा जास्त धान्य घरात ठेवण्याबद्दल तिला काही विचारण्याचा माझा अधिकार २०२० सालीच संपला होता. त्याकडे येतेच. आधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं.

मी अनुवाद करते, आणि ‘बेगमी’ हा शब्द मला दरवेळी अडवतो. हिंदी वाचकाला तो वाचून बेगम आठवते. बंगालीत जवळचा शब्द ‘मजुत’, पण त्याला काळ्या बाजाराचा वास आहे. मजुतदार म्हणजे आपला साठेबाज. ‘संचय’ म्हणावं तर तो फार संस्कृत, त्यात पैसाही येतो आणि पुण्यही. बेगमी फारसीतून आली. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख, काळजी. काळजी नसणं, निश्चिंती, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीनं त्या निश्चिंतीलाच धान्याचा अर्थ दिला. पावसाळ्याची बेगमी म्हणजे चार महिन्यांचं सरपण, पापड, कुरडया, डाळी. आणि म्हणजेच चार महिन्यांची बेफिकिरी. साठ्याचं नाव साठ्यावरून न पडता त्यानं मिळणाऱ्या झोपेवरून पडलं.

याच ‘बे-गम’मधून उत्तरेत आणखी एक शब्द निघाला. संत रैदासांनी बेगमपुरा नावाच्या शहराची कल्पना केली. त्यांचं ते पद गुरू ग्रंथसाहिबात आहे. तिथे दुःख नाही, कर नाही, धास्ती नाही, कुणी दुय्यम नाही. हे दोन शब्द शेजारी ठेवले की मला नेहमी एक प्रश्न पडतो: बेगमपुऱ्यातल्या घरांना कोठीची खोली असेल का? सगळ्यांचीच काळजी मिटली असेल, तर एकेका घराला आपापली बेगमी कशाला हवी? आणि आपल्याला ती हवी असते, याचा अर्थ आपलं शहर अजून बेगमपुरा नाही एवढाच होतो का?

अन्न साठवावं की नाही, किती साठवावं, यावर आपल्याकडे जुना विचार आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. कोठार भरेल इतकं धान्य असलेला तो कुसूलधान्यक. मडकंभर असलेला तो कुंभीधान्यक. तीन दिवसांपुरतं असलेला तो त्र्यहैहिक. आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा तो अश्वस्तनिक. यांत पुढचा मागच्यापेक्षा श्रेष्ठ. म्हणजे ज्याच्या घरात उद्याचा दाणा नाही, तो सगळ्यांत मोठा.

वाचायला हे उदात्त वाटतं. पण या यादीत स्वयंपाकघर नाही. उद्याचा दाणा न ठेवणाऱ्या त्या थोर गृहस्थाच्या घरी उद्या सकाळी चुलीपुढे कोण बसतं आणि ती काय शिजवते, याचा उल्लेख नाही. अश्वस्तनिकाला रोज कुणीतरी द्यावं लागतं, आणि देणाऱ्याच्या घरी कुसूल असावं लागतं. न साठवणाऱ्याचं मोठेपण साठवणाऱ्यांच्या जिवावर उभं असतं. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. हे नियम ब्राह्मण गृहस्थासाठी आहेत. याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शूद्रानं, ऐपत असली तरी, धनाचा संचय करू नये असं बजावलं आहे. एकाला न साठवणं ही शोभा, दुसऱ्याला न साठवणं ही सक्ती. या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, तिच्या अनेक कारणांमध्ये मी हेही एक मोजते. जो साठवू शकला असता त्यालाच अपरिग्रह हे व्रत म्हणून मिरवता येतं. ज्याचं मडकं मुळात रिकामं आहे त्यानं कसला त्याग करायचा?

माझी आई माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती १५ वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली आहे. परदेशातून आलेला लाल मिलो तिनं खाल्ला आहे आणि सुकडी वाटतील तिथे रांगेत उभी राहिली आहे. तिच्या माहेरची कणगी त्या वर्षी तळाला गेली आणि मग आजोबांनी ती उलटी करून ठेवली, कारण उघडी कणगी बघवत नव्हती. आईच्या फडताळातला हिशेब हा त्या उलट्या कणगीचा जबाब आहे. तिला कुणी अपरिग्रह शिकवायला जाऊ नये.

मग साठवणं नेहमीच बरोबर का? हितोपदेशात एका कोल्ह्याची गोष्ट आहे. त्याला रानात एकाच जागी मेलेला शिकारी, हरीण, रानडुक्कर आणि साप सापडतात. कोल्हा शहाणा. तो लगेच हिशेब मांडतो: माणूस एक महिना पुरेल, हरीण आणि डुक्कर दोन महिने, साप एक दिवस. मग आज यांतलं काहीच का मोडायचं? आज आपण धनुष्याची तातडीची दोरी खाऊ. तो दोरी कुरतडतो, ताणलेलं धनुष्य सुटतं, त्याचं टोक छातीत घुसतं आणि कोल्हा तिथेच मरतो. साठा करण्याला ना नाही, अतिसाठ्याला आहे, असं तात्पर्य.

ही गोष्ट मला शाळेत लोभाची म्हणून शिकवली गेली. आता वाचताना दिसतं की कोल्ह्याचा हिशेब चोख होता. महिन्याचा बेत त्यानं आईसारखाच केला होता. चूक एका जागी झाली. त्यानं आजचं जेवण वगळलं. साठा जेवणासाठी असतो, हे विसरून त्यानं जेवणच साठ्यासाठी राखून ठेवलं. बंद कपाटात चांगला बासमती ‘कुणी आलं तर’ म्हणून ठेवणारं आणि घरच्यांना वर्षभर तुकडा तांदूळ वाढणारं घर प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतं.

आता माझी गोष्ट.

मार्च २०२०. टाळेबंदी लागणार अशी कुजबुज होती. आम्ही घरात चौघं: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराकडे मसूर आणि मुगाच्या डाळीची थोडीच पाकिटं उरली होती. माझ्यामागे सहा-सात माणसं होती. मी सगळी पाकिटं उचलली. तांदूळ २५ किलो घेतला. कुणी काही बोललं नाही. दुकानदारानं पैसे मोजून घेतले. घरी आल्यावर डबे भरताना मला जे वाटलं त्याला ‘बेगमी’ हाच शब्द होता. मला आई आठवली आणि आपण तिची लेक शोभलो असंही वाटलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही माशी म्हणतो. त्या कॅनिंगच्या गाडीनं येत. गाड्या बंद झाल्या. पगार मी पाठवत राहिले, एकही महिना चुकवला नाही, आणि त्याचं मला समाधान होतं. एप्रिलमध्ये फोनवर त्या म्हणाल्या, “पैसे मिळाले बौदी, पण दुकानात डाळ नाही. आहे तिथे भाव बघवत नाही.” मी “हो का, इकडेही तसंच आहे” असं म्हटलं. माझ्या मागच्या फळीवर तेव्हा किती पाकिटं होती, हे मला माहीत होतं. २० मे रोजी अम्फान वादळ आलं. त्यांच्या घरावरचे पत्रे गेले.

जूनच्या अखेरीला त्या कशाबशा तीन वाहनं बदलून आल्या. त्याच आठवड्यात मी फळी आवरायला काढली होती. कोलकात्याच्या दमट हवेत डाळीला किडे झाले होते. आईच्या सगळ्या युक्त्या मला ठाऊक होत्या, पण मी एकही केली नव्हती. पाकिटं होती तशीच कोंबून ठेवली होती. मी डाळ चाळली, गच्चीत उन्हात घातली, आणि माशींना दिली. “थोडे किडे झालेत, पण ऊन दिलंय,” मी म्हटलं. त्यांनी पिशवी हातात घेऊन पाहिली. “आणखी एक ऊन दिलं की होईल ठीक,” असं म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

एवढंच घडलं. त्यांनी मला काही सुनावलं नाही. अजूनही त्या आमच्याकडे येतात, आमचं बरं चाललं आहे. पण ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मार्चमध्ये जी डाळ त्यांच्या किंवा माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी ताटात जायला हवी होती, ती मी तीन महिने अडवली, किड्यांना खाऊ घातली, आणि मग दान म्हणून दिली.

मी ज्या शहरात राहते तिथे १९४३ साली माणसं दारोदार भात मागत नव्हती, भाताचं निवळ मागत होती. अमर्त्य सेन तेव्हा शांतिनिकेतनात लहान होते. पुढे १९८१ साली आलेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. धान्य होतं, ते विकत घेण्याची ताकद लाखो माणसांच्या हातून निसटली. युद्धामुळे भाव चढले, पुढे आणखी चढतील म्हणून व्यापाऱ्यांनी माल दाबला, आणि धास्तीनं ज्यांना शक्य होतं त्यांनी घरं भरली. सेन यांच्या अंदाजानं सुमारे ३० लाख माणसं गेली. त्या घरं भरणाऱ्यांमध्ये कुणी राक्षस नव्हतं. प्रत्येकाच्या घरी म्हातारी आई होती, तान्हं मूल होतं. प्रत्येक घराचा शहाणपणा वेगवेगळा पाहिला तर बिनतोड होता. सगळ्यांचा एकत्र केला तेव्हा त्याचा भाव झाला आणि तो भाव रस्त्यावरच्या माणसानं मोजला.

इथे मला माझ्या आणि आईच्या साठ्यातला फरक कळतो. किलोंमध्ये पाहिलं तर तिचा साठा माझ्यापेक्षा मोठा. पण ती भरते सुगीनंतर, बाजार ओसंडत असताना, शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं तेव्हा. तिच्या क्विंटलभर ज्वारीनं कुणाचं ताट रिकामं होत नाही. उलट, श्रावणात बाजारात माल कमी असतो तेव्हा ती दुकानात जात नाही, तेवढी दुसऱ्याला जागा होते. मी भरलं ते बाजार आटत असताना. तिनं ताटं मोजली. मी पाकिटं मोजली, आणि तीही स्वतःची भीती बघून. तेच मसूर, तोच डबा. पण तिची बेगमी होती आणि माझं ते मजुत होतं. बंगाली शब्द मला त्या दिवशी नीट कळला.

तरीही हिशेब पुरा होत नाही. वेळेवर भरलेलं, मापात भरलेलं कोठारही अखेर कुलुपाचं असतं. ते उघडायचं कसं? बायबलमधला योसेफ सात सुकाळांत धान्य साठवतो आणि सात दुष्काळांत मिसर देश वाचवतो. पण उत्पत्तीच्या पुस्तकात पुढे वाचलं तर तो धान्य विकतो. आधी लोकांचे पैसे संपतात, मग ते गुरं देतात, मग जमिनी, आणि शेवटी स्वतःला फारोचे दास म्हणून लिहून देतात. कुराणातल्या युसुफच्या कथेत हा शेवट नाही. तिथे दाणे कणसातच ठेवावेत हा साठवणीचा सल्ला मात्र आहे. आपल्याकडे मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बिदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी दुष्काळात लुटवलं, आणि त्याची किंमत विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन चुकती केली, अशी कथा. योसेफाचं कोठार जीव वाचवून माणूस विकत घेतं. दामाजीचं कोठार जीव वाचवतं आणि कोठारवाल्याचाच जीव धोक्यात घालतं. लोकांनी शेकडो वर्षं कीर्तनात कुठलं कोठार लक्षात ठेवलं, हे आपल्याला माहीत आहे.

पण मी दामाजी नाही आणि रोज दुष्काळही नाही. रोजच्या घराला रोजचं काहीतरी लागतं. ते मला आजीच्या सवयीत सापडलं. आजी रोज पीठ काढण्याआधी कोठीतून मूठभर ज्वारी एका डब्यात टाके. त्याला ती ‘बोर्डिंगची मूठ’ म्हणे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी सातारा भागातल्या बायका अशी मूठ काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. गावोगावच्या गरीब मुलांच्या वसतिगृहांतल्या भाकऱ्या त्या मुठींतून झाल्या. पुढे कळलं की हजारो किलोमीटर दूर मिझोराममध्ये हेच शंभराहून अधिक वर्षं चाललं आहे. मिझो बायका भात टाकताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. साताऱ्याच्या बाईला मिझो बाई माहीत नव्हती. दोघींचा हात मात्र त्याच वेळी डब्यात जात होता: शिजवण्याआधी.

‘आधी’ हा शब्द मी बरेच दिवस घोळवत आहे. मी माशींना डाळ दिली ती नंतर, उरल्यावर, बिघडल्यावर. मूठ निघते ती आधी, आपल्याला पुरेल की नाही हे कळायच्या आत. उरलेलं देताना माणूस स्वतःच्या चुकीची विल्हेवाट लावत असतो. आधी काढताना तो आपल्या ताटात थोडं कमी येणार हे मान्य करतो. आईच्या कागदावरचं ‘आला-गेला, १ ताट’ हे तेच आहे. ते ताट उरलं तर वाढायचं नव्हतं, ते हिशेबातच होतं.

आता आमच्या कोलकात्याच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला एक कागद आहे. आठवड्याची जेवणं त्यावर लिहिते, मग साहित्य, मग जे घरात नाही तेवढंच बाजारातून. माणसं ४, ताटं ५. मूठ काढायला एक डबा ठेवला आहे. महिनाअखेरीला तो आमच्या पाड्यातल्या एका सामूहिक स्वयंपाकघरात जातो, माशींकडे जात नाही. त्यांचा पगार वाढवला आहे. पगाराच्या जागी मूठ देणं हा आणखी एक प्रकारचा कावा झाला असता. यानं मार्च २०२० फिटत नाही, हे मला कळतं. कधीकधी तांदळाचा भाव चढला की मूठ आपोआप लहान होते, तेही मला दिसतं, कारण हात माझाच आहे.

गेल्या महिन्यात आईला फोनवर विचारलं, “त्या क्विंटलातली किती उरली?”

“उरतेय कुठे,” ती म्हणाली. शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी तीन मुलं भाड्यानं राहतात, त्यांच्या भाकऱ्या तीच थापते हे मला तेव्हा कळलं. पैसे घेते का, हे मी विचारलं नाही. तिनं विषय बदलला. “तुझ्या तिथे पाऊस लागला असेल. डाळीला ऊन दिलंस का?”